दीर्घकालीन सरासरी उत्पन्न आणि समभागाचे मूल्यमापन : एक विवेचन

प्रस्तावना :

वाणिज्य शाखेच्या वर्गात समभागाचे मूल्यमापन शिकवताना सर्वाधिक भर ज्या गुणोत्तरावर दिला जातो ते म्हणजे किंमत-उत्पन्न गुणोत्तर होय. समभागाच्या बाजारभावाला प्रति समभाग उत्पन्नाने भागले की हे गुणोत्तर मिळते. भाव २०० रुपये आणि उत्पन्न १० रुपये असेल तर गुणोत्तर २०, म्हणजेच कंपनीच्या एक रुपया उत्पन्नासाठी गुंतवणूकदार २० रुपये मोजावयास तयार आहेत, असा त्याचा अर्थ लावला जातो. पाच गुणांचे उदाहरण म्हणून ही रचना सोयीची आहे. परंतु छेदस्थानी जे उत्पन्न मांडले जाते ते बहुधा केवळ मागील एका वर्षाचे असते, आणि ते एक वर्ष कसे होते याची चौकशी सहसा केली जात नाही.

हा प्रश्न आता वाणिज्य विभागापुरता मर्यादित राहिलेला नाही. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्या कर्मचाऱ्यांना परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना लागू झाली व पुढे ती राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत समाविष्ट झाली. त्यामुळे मराठी, इतिहास वा वनस्पतिशास्त्र शिकविणाऱ्या प्राध्यापकांच्या वृद्धापकाळाच्या तरतुदीचा काही हिस्साही समभागांच्या भावाशी जोडला गेला आहे. तेव्हा समभाग महाग आहे की स्वस्त, हे कोणत्या मापाने ठरवावे, याची उकल सर्व शाखांतील वाचकांना उपयुक्त ठरेल. प्रस्तुत लेखात चलनवाढ-समायोजित दीर्घकालीन सरासरी उत्पन्नाची पद्धत, तिची गणनारीती आणि भारतीय कंपन्यांना ती लावताना येणाऱ्या अडचणी यांचे विवेचन केले आहे.

एका वर्षाच्या उत्पन्नाची अडचण :

पोलाद उद्योगाचे उदाहरण येथे बोलके आहे. पोलादाचा भाव जागतिक मागणीनुसार चढतो-उतरतो, कोळसा व खनिज यांचे भाव वेगळ्याच लयीत हलतात, आणि भट्टी मात्र मागणी कमी झाली म्हणून सहज विझविता येत नाही. परिणामी नफ्यात प्रचंड चढउतार होतात. टाटा स्टीलचा एकत्रित निव्वळ नफा २०२१-२२ मध्ये सुमारे ४१,७०० कोटी रुपये होता. २०२२-२३ मध्ये तो सुमारे ८,१०० कोटींवर आला आणि २०२३-२४ मध्ये कंपनीने सुमारे ४,९०० कोटी रुपयांचा तोटा नोंदविला.

मार्च २०२२ अखेर या समभागाचा भाव १,३०० रुपयांच्या आसपास होता व त्या वर्षाचे प्रति समभाग उत्पन्न सुमारे ३३० रुपये. म्हणजे गुणोत्तर केवळ ४. पाठ्यपुस्तकातील नियमानुसार हा समभाग अत्यंत स्वस्त म्हणावा लागेल. जुलै २०२२ मध्ये दर्शनी मूल्याचे एकास दहा असे विभाजन झाले, म्हणून आजच्या हिशेबात तो भाव १३० रुपये होतो. दोन वर्षांनंतर, मार्च २०२४ अखेर, भाव १५५ रुपयांच्या आसपास होता. तोट्यामुळे त्या वेळी गुणोत्तर ऋण, म्हणजेच अर्थहीन झाले होते. भाव एक पंचमांशाने वाढला, पण मोजपट्टी मात्र 'अत्यंत स्वस्त'पासून 'सांगता येत नाही' येथवर गेली. येथे दोष समभागाचा नसून मोजपट्टीचा आहे.

चक्रीय उद्योगांत तर हे गुणोत्तर अनेकदा उलटेच वागते. नफा शिखरावर असताना तो टिकणार नाही हे बाजाराला ठाऊक असते, म्हणून भाव त्या प्रमाणात वाढत नाही व गुणोत्तर लहान दिसते. नफा तळाला असताना तो सावरेल अशी अपेक्षा असते, म्हणून भाव त्या प्रमाणात घसरत नाही व गुणोत्तर फुगते. लहान गुणोत्तर पाहून खरेदी करणारा नवखा गुंतवणूकदार त्यामुळे नेमका शिखरावर खरेदी करतो.

संकल्पनेचा उगम :

बेंजामिन ग्रॅहम व डेव्हिड डॉड या कोलंबिया विद्यापीठातील अध्यापकांनी १९३४ साली 'सिक्युरिटी ॲनालिसिस' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. १९२९ च्या पडझडीनंतर अमेरिकेतील गुंतवणूकदारांचा विश्वास नाहीसा झालेला असताना, कंपनीची उत्पन्नशक्ती एका वर्षावरून न ठरविता किमान पाच आणि शक्यतो सात ते दहा वर्षांच्या सरासरीवरून ठरवावी, असे त्यांनी सुचविले. दहा वर्षांत तेजी-मंदीचे निदान एक आवर्तन पूर्ण होते, चांगली व वाईट वर्षे एकमेकांना छेदतात आणि कंपनीची सर्वसाधारण कुवत उरते, असा यामागील विचार होय.

ग्रॅहम यांच्या मांडणीत चलनवाढीसाठी समायोजन नव्हते. त्याचे कारण त्या काळात शोधता येते. १९२९ ते १९३३ या काळात अमेरिकेतील ग्राहक किमती सुमारे एक चतुर्थांशाने घसरल्या होत्या. जुना डॉलर आजच्या डॉलरहून जड आहे, ही अडचण त्या पिढीसमोर ठळकपणे उभी नव्हती. भारतीय वाचकासमोर मात्र ती सदैव उभी असते.

जॉन कॅम्पबेल आणि रॉबर्ट शिलर यांनी १९८८ साली अमेरिकेतील १८७१ पासूनची आकडेवारी घेऊन ही कल्पना संपूर्ण बाजाराला लावली. त्यांनी भाव व उत्पन्न दोन्ही किंमत निर्देशांकाने समायोजित केले. यातून पुढे जे माप रूढ झाले त्यास चक्र-समायोजित किंमत-उत्पन्न गुणोत्तर म्हणतात. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'केप' हे संक्षिप्त नाव प्रचलित आहे व पुढे तेच वापरले आहे. शिलर यांना २०१३ साली युजीन फामा व लार्स पीटर हॅन्सन यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या मापाची उपयुक्तता २००९ साली स्पष्टपणे दिसली. २००७ च्या मध्यास अमेरिकेच्या ५०० कंपन्यांच्या एस अँड पी निर्देशांकाचे वार्षिक उत्पन्न सुमारे ८५ डॉलर होते. मार्च २००९ मध्ये संपलेल्या बारा महिन्यांत ते ७ डॉलरच्याही खाली गेले. निर्देशांक निम्म्याहून अधिक कोसळला होता, तरीही उत्पन्न त्याहून अधिक कोसळल्यामुळे साधे गुणोत्तर शंभराच्या वर गेले. त्या मापाने पाहिल्यास बाजार इतिहासात कधी नव्हता इतका महाग होता. केप मात्र त्या महिन्यात सुमारे १३ होते, म्हणजे १८८१ पासूनच्या १६ ते १७ या सरासरीच्याही खाली. त्यानंतरची वाढ पाहता कोणते माप खरे बोलत होते हे वेगळे सांगावयास नको.

गणनारीती :

पद्धत सोपी आहे. प्रत्येक वर्षाचे प्रति समभाग उत्पन्न आजच्या रुपयात रूपांतरित करावयाचे, दहा वर्षांची सरासरी काढावयाची व आजच्या भावाला त्या सरासरीने भागावयाचे. रूपांतरासाठी त्या वर्षाच्या उत्पन्नास आजच्या निर्देशांकाने गुणून त्या वर्षाच्या निर्देशांकाने भागतात. एका कल्पित कंपनीचे आकडे पुढील सारणीत दिले आहेत.

सारणी क्र. १ : कल्पित कंपनीचे प्रति समभाग उत्पन्न (रुपये)

| वर्ष | नोंदविलेले उत्पन्न | किंमत निर्देशांक | आजच्या रुपयातील उत्पन्न |
|---|---|---|---|
| १ | १२ | १०० | १९.२ |
| २ | १५ | १०६ | २२.६ |
| ३ | ९ | ११२ | १२.९ |
| ४ | ४ | ११८ | ५.४ |
| ५ | –३ | १२४ | –३.९ |
| ६ | ७ | १३० | ८.६ |
| ७ | १६ | १३६ | १८.८ |
| ८ | २२ | १४२ | २४.८ |
| ९ | ११ | १५१ | ११.७ |
| १० | १३ | १६० | १३.० |

नोंदविलेल्या उत्पन्नाची सरासरी १०.६ रुपये येते, तर समायोजित सरासरी १३.३ रुपये. आजचा भाव २०० रुपये धरल्यास समायोजनाशिवाय गुणोत्तर १८.९ व समायोजनासह १५.० येते. हाच भाव आठव्या वर्षी असता तर साधे गुणोत्तर ९.१ दिसले असते आणि पाचव्या वर्षी ते काढताच आले नसते.

पाचव्या वर्षाचा तोटा सरासरीत धरलाच पाहिजे. 'अपवादात्मक वर्ष' म्हणून तो वगळण्याचा मोह विद्यार्थ्यांना होतो, आणि कंपन्यांच्या अहवालांनाही होतो. तो वगळल्यास सरासरी १५.२ होते व समभाग स्वस्त भासू लागतो. वाईट वर्षे वगळून काढलेली सरासरी ही सरासरीच नव्हे.

चलनवाढीच्या समायोजनाचे महत्त्व देशागणिक बदलते. एखाद्या कंपनीचे खरे उत्पन्न दहा वर्षे स्थिर आहे असे समजू. चलनवाढ दरसाल २ टक्के असेल तर समायोजन न करता काढलेली सरासरी आजच्या उत्पन्नाहून सुमारे ८ टक्क्यांनी कमी येते. चलनवाढ ६ टक्के असेल तर ही तूट २२ टक्क्यांपर्यंत जाते. अमेरिकेत जी गोष्ट तपशिलाची आहे ती आपल्याकडे निकालच बदलू शकते.

भारतीय आकडेवारीतील अडचणी :

पहिला प्रश्न निर्देशांकाच्या निवडीचा. संयुक्त ग्राहक किंमत निर्देशांकाची मालिका २०११ पासूनच उपलब्ध आहे. त्याहून दीर्घ कालखंडासाठी औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक सोयीचा पडतो. प्राध्यापकांचा महागाई भत्ता ज्यावर ठरतो तोच हा निर्देशांक, त्यामुळे तो आपल्या परिचयाचा आहे. मात्र त्याची आधार वर्षे बदलत गेली आहेत. ऑगस्ट २०२० मध्ये २००१ या आधार वर्षानुसार तो ३३८ होता, तर सप्टेंबर २०२० मध्ये २०१६ या नव्या आधार वर्षानुसार ११८.१ झाला. ही मालिका सलग समजणाऱ्याला एका महिन्यात किमती दोन तृतीयांशांनी घसरल्या असे वाटेल. प्रत्यक्षात नव्या आकड्यास २.८८ या जोडगुणकाने गुणले असता ३४० येतात. त्यामागील मालिकेसाठी, म्हणजे २००१ वरून १९८२ कडे जाताना, जोडगुणक ४.६३ आहे. जोडगुणक विसरल्यास पुढील सर्व गणित व्यर्थ ठरते.

दुसरा व अधिक गंभीर प्रश्न म्हणजे कोणते उत्पन्न घ्यावे. भारतीय कंपन्या स्वतंत्र व एकत्रित असे दोन हिशेब प्रसिद्ध करतात. स्वतंत्र हिशेबात मूळ कंपनी एकटी असते, तर एकत्रित हिशेबात तिच्या उपकंपन्याही येतात. टाटा स्टीलला २०२३-२४ मध्ये एकत्रित हिशेबात तोटा झाला, पण त्याच वर्षी स्वतंत्र हिशेबात नफा होता, कारण भारतातील कारखाने कमावते होते व युरोपातील व्यवसाय तोट्यात होता. भागधारक दोन्हींचा मालक असल्याने एकत्रित उत्पन्नच धरणे योग्य होय. राष्ट्रीय शेअर बाजारानेही निफ्टीचे गुणोत्तर दीर्घकाळ स्वतंत्र उत्पन्नावर आधारित ठेवले होते. ते मार्च २०२१ अखेर एकत्रित उत्पन्नावर आणले गेले आणि ४० च्या आसपास असलेला आकडा एका दिवसात ३३ च्या आसपास आला. निफ्टीच्या गुणोत्तराचा वीस-पंचवीस वर्षांचा आलेख दाखवून बाजार स्वस्त की महाग हे सांगणाऱ्या अनेक लेखांत या बदलाचा उल्लेखही नसतो, ही खेदाची बाब आहे.

समभागांच्या संख्येतील बदलही मागे नेऊन लावावे लागतात. बक्षीस समभाग व दर्शनी मूल्याचे विभाजन यांमुळे संख्या वाढते, कंपनीत नवा पैसा येत नाही. म्हणून जुने प्रति समभाग उत्पन्न त्याच प्रमाणात कमी करावयाचे. वर उल्लेखिलेले ३३० रुपये आजच्या हिशेबात ३३ रुपये होतात ते यामुळेच. हक्कभागांत थोडा भाग बक्षिसाचा व थोडा नव्या भांडवलाचा असल्याने तेथे अधिक काळजी घ्यावी लागते. याखेरीज मोठ्या कंपन्यांना १ एप्रिल २०१६ पासून नवी भारतीय लेखामानके लागू झाली, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये सवलती न घेणाऱ्या कंपन्यांसाठी प्राप्तिकराचा मूळ दर २२ टक्के करण्यात आला. त्यापूर्वीचा नफा जुन्या दराने कर भरून उरलेला आहे, हे सरासरी वाचताना ध्यानात ठेवावे.

पद्धतीच्या मर्यादा :

केप हे माप वेळ सांगत नाही. कॅम्पबेल व शिलर यांनी ३ डिसेंबर १९९६ रोजी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या मंडळापुढे बाजार फार महाग झाल्याचे मांडले. तेव्हा निर्देशांक ७४० च्या आसपास होता. त्यानंतर तो वाढतच गेला व मार्च २००० मध्ये १,५२७ वर पोहोचला. ऑक्टोबर २००२ मध्ये तो ७७६ पर्यंत खाली आला, तेव्हा त्यांचे म्हणणे पटले. पण दरम्यान त्यांचा सल्ला मानून बाहेर पडलेल्याने तीन वर्षे इतरांचे धन दुप्पट होताना पाहिले असणार. गेल्या तीन दशकांत अमेरिकेतील केप बहुतांश काळ ऐतिहासिक सरासरीच्या वरच राहिले आहे. २०२१ अखेर ते ३८ च्याही वर होते.

त्याची कारणे काही अंशी हिशेबपद्धतीत आहेत. जेरेमी सीगल यांनी २०१६ साली दाखवून दिले की, २००१ नंतर अमेरिकन कंपन्यांना गुडविल अर्थात ख्यातिमूल्याची घट तत्काळ तोट्यात दाखवावी लागते, मालमत्तेच्या वाढीची मात्र अशी नोंद होत नाही. एओएल टाइम वॉर्नर या एकाच कंपनीने २००२ साली सुमारे ९९ अब्ज डॉलरचा तोटा दाखविला. अशा निर्लेखनामुळे छेदातील सरासरी दहा वर्षे खाली ओढली जाते व गुणोत्तर प्रमाणाबाहेर मोठे दिसते. सीगल यांचा आक्षेप रास्त आहे. तरीही सर्वच निर्लेखन कागदी समजून सोडून देणे प्रस्तुत लेखकास मान्य नाही. जास्त किंमत देऊन दुसरी कंपनी विकत घेणे हा भागधारकांच्या पैशाचाच अपव्यय असतो, फक्त त्याची नोंद उशिरा होते.

भारताच्या संदर्भात वाढीच्या वेगाचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. दहा वर्षांची सरासरी ही साधारण साडेचार वर्षांपूर्वीच्या कंपनीचे चित्र असते. ज्या कंपनीचे खरे उत्पन्न दरसाल २ टक्क्यांनी वाढते तिचे केप साध्या गुणोत्तराच्या १.०९ पट येते. वाढ ८ टक्के असेल तर ते १.३८ पट येते. दोन्हींचा साधा आकडा २० असला, तरी एकीचे केप २२ व दुसरीचे २७ ते २८ दिसेल. म्हणून अमेरिकेची १६-१७ ही सरासरी भारतीय समभागाला लावून तो महाग ठरविणे तर्काला धरून नाही. तुलना करावयाची ती त्याच कंपनीच्या पूर्वीच्या केपशी, किंवा त्याच उद्योगातील समान वेगाने वाढणाऱ्या कंपनीशी.

याचा अर्थ वाढीच्या आशेवर कोणताही भाव योग्य ठरतो असा नव्हे. २ एप्रिल १९९२ रोजी सेन्सेक्स ४,४६७ वर होता. एप्रिल २००३ मध्ये तो ३,००० च्याही खाली होता. या अकरा वर्षांत किमती दुपटीहून अधिक वाढल्या. या काळात देशाची अर्थव्यवस्था वाढत होती, उदारीकरण झाले होते, नव्या कंपन्या उभ्या राहिल्या होत्या. तरीही शिखरावर खरेदी करणाऱ्याच्या भांडवलाचे खरे मूल्य, लाभांश वगळता, एक तृतीयांशाच्याही खाली आले.

सर्वांत नाजूक प्रश्न एकट्या कंपनीला ही पद्धत लावताना येतो. बाजाराच्या निर्देशांकातून दुबळ्या कंपन्या गळतात व सबळ कंपन्या आत येतात, म्हणून त्याची सरासरी टिकते. एकटी कंपनी मात्र बदलू शकते व बुडूही शकते. येस बँकेने २०१९-२० मध्ये सुमारे १६,४०० कोटी रुपयांचा तोटा नोंदविला. हा तोटा त्याआधीच्या पाच वर्षांच्या एकत्रित नफ्याहून मोठा होता. मार्च २०२० मध्ये पुनर्रचना होऊन समभागांची संख्याही कित्येक पटींनी वाढली. त्यापूर्वीच्या वर्षी दहा वर्षांची सरासरी काढणाऱ्यास हा समभाग स्वस्तच दिसला असता, कारण सरासरीत सारी तेजीची वर्षे होती आणि ज्या कर्जांतून तो नफा दाखविला गेला ती बुडीत निघावयाची होती. येथे चक्र नव्हते, तर पायाच खचला होता. तेव्हा नफ्यातील घट ही चक्राची आहे की कायमची, हा निर्णय ताळेबंद वाचूनच घ्यावा लागतो. सरासरी तो घेत नाही.

कंपनीचा आकार बदलला असल्यासही साधी सरासरी फसवते. टाटा स्टीलने २००७ मध्ये कोरस व २०१८ मध्ये भूषण स्टील घेतली. त्यापूर्वीची कंपनी व आजची कंपनी एका मापाची नाही. अशा वेळी रुपयांतील उत्पन्नाऐवजी भागधारकांच्या निधीवरील परताव्याची दहा वर्षांची सरासरी काढावी आणि ती आजच्या प्रति समभाग पुस्तकी मूल्यास लावावी. सरासरी परतावा ११ टक्के व पुस्तकी मूल्य ८० रुपये असेल तर सर्वसाधारण उत्पन्न ८.८० रुपये धरता येते. पुस्तकी मूल्य जुन्या रुपयातील असल्याने येथेही चलनवाढीचा काही दोष उरतो, परंतु आकारातील बदलाचा दोष बराच दूर होतो.

भारतीय बाजाराच्या केपविषयी अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील संशोधकांनी काम केलेले आहे. एकेका कंपनीच्या पातळीवर मात्र मराठीतून असा अभ्यास क्वचितच दिसतो. पदव्युत्तर वर्गाच्या प्रकल्पासाठी हा विषय सहज घेता येईल. विद्यार्थ्याने साखर, सिमेंट किंवा पोलाद उद्योगातील एक कंपनी निवडावी. तिचे दहा वर्षांचे वार्षिक अहवाल शेअर बाजाराच्या व कंपनीच्या संकेतस्थळांवर विनामूल्य मिळतात, निर्देशांक श्रम ब्युरोच्या संकेतस्थळावर असतो, आणि गणितासाठी साधे संगणकीय तक्तापत्रक पुरते. साखर उद्योग निवडल्यास एक पथ्य पाळावे लागेल : सहकारी कारखान्यांचे समभाग बाजारात नोंदलेले नसल्याने त्यांना बाजारभाव नाही, म्हणून अभ्यास खासगी नोंदणीकृत कारखान्यांपुरताच ठेवावा लागेल.